रिकामी पेटी

रेथाबाईंनी दिलेली पेटी रिकामीच होती.
"सहा महिने सांभाळ," म्हणाल्या,
"आत मांबा आहे असं समजून."
त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं
अजून मिटत नाहीत.

तेबात्सो रोज आकडा घेऊन
काहीच नाही ते उचलायचा,
त्याला पाणी ठेवायचा.
बायको आधी हसली; मग
पोरीला त्या खोलीत जाऊ देईना.

जूनची थंडी, पोरीला ताप,
त्सानीनच्या दवाखान्यातून यायला रात्रीचे दोन.
सकाळी बघतो तर
कडी नुसती टेकलेली.

आत काही नव्हतंच.
तरी पलंगाखाली वाकला,
गोधडी झटकली, चुलीमागे पाहिलं,
पोरीचे बूट उलटे केले:
लाल माती, एक खडा.

खडा हातात घेऊन
तो तिथेच बसला,
रेथाबाईंना काय सांगायचं ते जुळवत.