हातओळख

दारातच मनगटावर शिक्का मारतात, जांभळा,
म्हणजे मध्येच बाहेर जाऊन आलं तरी पुन्हा पैसे पडत नाहीत.
कर्कॉल्डीचं क्रीडागृह. फेब्रुवारी.
दार उघडलं की समुद्रावरचं वारं
थेट पहिल्या तीन टेबलांवर,
आणि कुणाचं तरी घोडदळ आडवं.
"हवामान आमच्या नियमांत नाही," टेबलवाला म्हणतो
आणि माशाचा काटा काढावा तसा
एकेक घोडा चिमटीत धरून उभा करतो.

खाली बॅडमिंटनच्या पांढऱ्या रेषा,
वर स्पेन.
टेकड्या थर्माकोलच्या, झाडं भांडी घासायच्या स्पंजाची,
नदी व्हार्निशची, आठ थर, प्रत्येकाला एक रात्र.
नदीच्या काठावर कुणीतरी चहाचा कप ठेवलाय
आणि अर्धी पलटण त्याच्या आडोशाला.

एरवी मी शाळेची बस चालवते.
मागे बावन्न पोरं, प्रत्येकाला घंटा सापडलेली.
रात्री स्वयंपाकघरात दिव्याखाली
माझी माणसं उभी असतात,
अठ्ठावीस मिलिमीटर उंच, एकही अक्षर न बोलता.
बहीण म्हणते, इशबेल, नवरा केला असतास तर.
मी म्हणते, त्याला ठेवला कुठं असता?

इथं मी तपकिरीवाली.
अकरा वर्षांपूर्वी डूगल्डशी भांडले होते
पोर्तुगीज बंदूकवाल्यांच्या कोटावरून.
तो म्हणाला, तपकिरी म्हणजे तपकिरी,
सरकारी हुकूम आहे, कागद आहे.
मी म्हणाले, लढाईचं तिसरं वर्ष, ऊन, चिखल,
एकाच कोटात निजणं, उठणं;
दोन कोट एका रंगाचे राहतील कसे?
सफाईवाला झाडू घेऊन येईपर्यंत आम्ही भांडलो.
पुढच्या फेब्रुवारीत तिथूनच पुढे.

त्याचं आडनाव मला ठाऊक नाही.
एकदा 'छपरं' म्हणाला होता;
घालतो की विकतो, विचारायचं राहिलं.
बोटात अंगठी आहे. पण अंगठीचं काय,
काढायची राहूनही जाते.
तोंडओळख म्हणावी, तर तोंड वर करतंय कोण इथं?
सगळे टेबलावर वाकलेले.
ही हातओळख.
रस्त्यात भेटला तर मी ओळखणार नाही कदाचित,
पण त्यानं रंगवलेला शिपाई शंभरांतून काढून देईन:
डाव्या गालावर उजेड जरा जास्त ठेवतो तो.

या वर्षी त्याचं टेबल नव्हतं.
व्होइचेख, जो फासा टाकण्याआधी त्याला पोलिशमध्ये दम देतो,
त्यानं नुसती मान वळवली: तिकडे, हीटरपाशी.

कोटाच्या खिशांत दोन्ही हात.
काखेत बिस्किटांचा डबा.
"घे," म्हणाला, "कोपर उचलतो, तू ओढून घे."

आत एक्केचाळीस जण, फोममध्ये निजलेले.
पट्टे, बकलं, हनुवटीवरचे दोन दिवसांचे खुंट.
मी चष्मा वर केला, डबा नाकाशी नेला.
डोळे नव्हते.
कुणालाच.

"बटणांपर्यंत आलो," तो म्हणाला,
"बटण हललं तर खपतं."
मग उजवा हात बाहेर काढला, मला दिसेल इतका वेळ धरला,
परत ठेवला.

"डोळे तू घाल."
"माझे नीट येत नाहीत. सगळे दचकल्यासारखे दिसतात."
"लढाईत आहेत, बाई. दचकू देत."

कोटांविषयी मी काही बोलले नाही.
एक्केचाळीस कोट, एक्केचाळीस तपकिऱ्या:
कुणाची खांद्यावर विटलेली, कुणाची कोपरावर,
एकाची तर जवळजवळ चिखलच.
तोही काही बोलला नाही.
आम्ही उभ्या उभ्या बेकन-रोल खाल्ले,
त्याचा मी कागदातून सोडवून दिला.

आता रात्रीचे अकरा.
सर्वात बारीक ब्रश, त्याचाही एकच केस.
श्वास धरायचा, टेकवायचं, सोडायचा.
आधी पांढरा. मग ठिपका.
पहिल्यानं डोळे उघडलेत
आणि बघतोय माझ्याकडे
बस चुकलेल्या पोरासारखा.

पुसणार होते.
राहू दे.