मगर? हो, पाहिली

तिसऱ्या रात्री सव्वानऊला वीज आली
आणि परशुराम भठ्ठ्यातल्या आम्ही एकवीस जणांनी
इलाबेनच्या दुसऱ्या मजल्यावर, ओल्या पायांनी,
आपला पूर पहिल्यांदा पाहिला.
तोवर आम्ही नुसते त्यात होतो.

टीव्हीतल्या पाण्याला वास नव्हता.
वरून आमचे पत्रे दिसत होते
कुणीतरी पत्ते पिसता पिसता उठून गेल्यासारखे.
"हे आपलं नाही, आसामचं आहे," हसमुख ओरडला,
"सुपारीची झाडं बघा की!"
"असू दे, पाणी तर तसंच आहे," इलाबेन म्हणाल्या,
"गप बस, ऐकू दे."

मग मगर.
मगर पत्र्यावर, मगर एटीएमच्या पायरीवर,
मगर लाल गोलात, शेजारी बाण,
मगर पुन्हा, सावकाश, ढोलाच्या तालावर.

मग मी.
डोक्यावर पिठाचा डबा, खाली पट्टी: स्थानिक महिला.
"मगर? हो, पाहिली."
चार सेकंद.
खोलीत कुणीतरी शिट्टी मारली.

नऊ मिनिटं बोलले होते मी त्या पोराशी.
तोही भिजलेला, सकाळपासून उपाशी.
माझ्या डब्यातली दशमी खात खात
त्यानं सगळं ऐकलं, मान हलवत.
त्याच्यावर माझा राग नाही. थोडा आहे.

त्याला सांगितलं होतं तुळाजी फणश्यांचं.
तळमजल्यावरची खोली, रेडिओ दुरुस्तीची पाटी,
आणि स्वतःला ठार ऐकू येत नव्हतं.
स्पीकरवर बोट ठेवून थरथर तपासायचे,
म्हणायचे, बोलतोय, घेऊन जा.
आजव्याचं पाणी सोडतायत म्हणून
जीप भोंग्यावरून ओरडत गेली
रात्री दोनला. सगळे उठले.
आम्ही वरून फरशी बडवली, वरवंट्यानं.
त्याचं काय झालं तेही सांगितलं,
शेवटी त्या पोरानं विचारलं,
मावशी, मगर पाहिलीत का?

सकाळपासून फोन.
कराडची अक्का: "दिसलीस गं! पण ती विटकी साडी का नेसलीस?"
टोरांटोहून भाच्यानं हसणारी मगर पाठवली.
मागच्या सोसायटीचे मफतभाई जिन्यात भेटले:
"टीव्हीवर कशाला बोललात, बेन?
आता इथे फ्लॅट कोण घेणार?"
रावपुऱ्यात दूधवाल्यानं सुटे परत केले,
म्हणाला, मगरवाल्या ना तुम्ही?
आणि पेपरात वाचकाचं पत्र:
ही माणसं नदीकाठी राहतातच कशाला.
उभ्याउभ्या दोनदा वाचलं.
पत्ता अलकापुरीचा. तिथे मगर गेली नव्हती.

हसमुखला चॅनेलवर मोर्चा न्यायचाय.
इलाबेनना ती चार सेकंदं मोबाइलवर हवीत,
मुलीच्या सासरी दाखवायला.
मला काय हवं ते कुणी विचारलं नाही,
विचारलं असतं तरी
सांगता आलं असतं असं नाही.

दुपारी फणश्यांच्या खोलीत गेले, चिखल काढायला.
रेडिओंना दोऱ्यानं बांधलेल्या चिठ्ठ्या
धुऊन गॅलरीतल्या दोरीवर लावल्या, चिमट्यांनी.
सूर्यवंशी, आवाज फाटतो.
शकीलभाई, खरखर.
कोमलची आजी, रात्री आपोआप बंद पडतो.
बाकीच्यांची शाई निळी होऊन वाहून गेलेली.

वरच्या फळीवरचा एक कोरडा राहिला होता.
खटका फिरवला. आधी ऐकलं नाही,
आधी बोट ठेवलं, त्यांच्यासारखं.
थरथर होती.
बातम्या की गाणं, ते बोटाला कळेना.
लगेच बंद केला.
सेल ज्याचे त्याचे. येईल तो न्यायला.