बरणीतला

मिकेश्का तिसऱ्या मजल्यावर, मी दुसऱ्या.
त्याच्या सात टाक्यांचं ओझं माझ्या छतावर,
म्हणून जानेवारीत ओल उतरली
तेव्हा मी भांडायलाच वर गेले.
दार उघडून त्याने ओठांवर बोट ठेवलं.
"हळू. बाई अंडी घालतेय."

बूट हातात धरून मी मोज्यांवर उभी.
नारळाची अर्धी करवंटी, पालथी,
तिला अंगठ्याएवढं भोक.
आत दोन पेरांएवढी मासोळी,
हळद लागल्यासारखी पिवळी,
पोटाखालचे पर काजळाचे.
बाहेर नर, तिच्या दुप्पट, पाठीवर काकाकुव्याचा तुरा,
सगळे रंग चढवून उगाच येरझाऱ्या घालत.

मिकेश्का म्हणाला, जोडी लावता येत नाही.
सहा पिल्लं आणायची आणि गप्प बसायचं.
यांच्यात स्थळं सांगून येत नाहीत.
मागच्या वर्षी एक नर त्याने स्वतः निवडला होता,
ब्रनोच्या बाजारातून, देखणा, महागडा.
सकाळी मादी फरशीवर सापडली,
काचेबाहेर उडी मारून वाळलेली.
तो तसाच देखणा.

मला अंडी बघायची होती.
साठीचा माणूस फरशीवर उताणा झाला,
एका हातात विजेरी, दुसऱ्यात दाढीचा आरसा.
"छताला चिकटवते. आधी छत बघायचं."
बावीस वर्षं कोळशाखाली काढलेली माणसं
असंच बोलतात, म्हणून मी काही म्हटलं नाही.
तांबूस दाणे, मोहरीहून बारीक.
मी मोजले. त्र्याऐंशी.
"इतक्या झटकन?"
दिवाघरात होते, म्हटलं. तुमच्याच खाणीवर, एकोणीस वर्षं.
पाळीला दिवे द्यायचे, सुटताना परत घ्यायचे,
खिळ्यावर टांगायचे,
खिळा रिकामा राहिला तर वर कळवायचं.
त्याने नंबर सांगितला, चारशे सोळा.
चेहरा आठवला नाही. दिवा आठवला.
काच पुसून द्यायचा.

चौथ्या दिवशी ओली बाळंतीण बिथरली.
नवऱ्याला तिने हीटरमागे कोंडला,
तुरा निम्मा फाडला, वर येऊन श्वास घेऊ देईना.
मिकेश्काच्या बाकी टाक्यांत कुणी ना कुणी नांदत होतं,
तेव्हा तो माझ्याकडे आला, काकडीच्या पाच लिटरच्या बरणीत,
ओकच्या एका पानासकट.
रेडिएटरजवळ ठेवा, फार जवळ नको.
दोनच आठवडे.

रोज सहाला मी वर जाते, मोजायला.
मिकेश्का पिचकारीने आर्टेमिया सोडतो, नारिंगी धूर,
त्यात पिल्लांची पोटं नारिंगी होतात.
आई पर झटकते, एकदाच,
की सगळी जिथल्या तिथे वाळूवर, विझल्यासारखी.
मग एकेक पुन्हा.
त्र्याऐंशी, ऐंशी, एकाहत्तर.
एवढी जातातच, तो म्हणतो.
मी तरी वहीत लिहिते, तारीख, वेळ.
मिकेश्काला माहीत आहे
एका नोव्हेंबरात माझ्या भिंतीवर किती खिळे रिकामे होते.
तो त्या पाळीला नव्हता. दात काढायला गेला होता.
ते आम्ही बोलत नाही. तो चहा टाकतो,
मी आकडा सांगते.

आज त्याने विचारलं, नर कधी देता?
पाच आठवडे झालेत.
मी म्हटलं, त्याला खिडकीची सवय लागलीय,
ट्रॅम गेली की तिच्यावर तुरा उगारतो.
शिवाय तुरा पुरता भरला नाही अजून.
भरलाय. गेल्या मंगळवारीच भरला.
मिकेश्का बराच वेळ खोकला,
मग म्हणाला, बरणी लहान पडते,
उद्या एक छोटी टाकी खाली आणतो.
आणि एकटा कंटाळेल; सहा पिल्लं टाकू, बघू
कुणाशी जमतं का.

वजन किती, मी विचारलं.
ऐंशी किलो. पाण्यासकट.

माझ्या खाली, पहिल्या मजल्यावर,
वोंद्राच्कोवा बाई राहतात. फार कटकटी.
त्यांना सांगायला हवं.