नोंदणीकृत पत्ता

जीएसटीचे बिरनाळे साहेब आले तेव्हा
मी कुकर लावून मीटिंगला बसले होते.
"कंपनी कुठंय?"
दाराकडं बोट केलं. तिथं पाटी आहे,
गणपती पेठेतल्या रंगाऱ्याकडनं साडेचारशेत करून घेतलेली,
कायद्याला लागते म्हणून.
आमच्या कंपनीत हाताला लागेल अशी वस्तू तेवढीच.

"आणि माणसं?"
एकवीस, म्हटलं, आणि लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला.
इंफाळला चाओबी, कोट्टयमला जिजो,
भूजला हंसा. तिचा ठिपका आत्ता हिरवा नाही,
पोराला शाळेतनं आणायला गेलीय, येईल साडेबाराला.
"हजेरी कोण घेतं?"
कुणी नाही.
"मग कामं होतात कशी?"

काय सांगू.
सोमवारी ज्यानं त्यानं लिहायचं, मी हे करीन.
शुक्रवारी लिहायचं, झालं. किंवा, नाही झालं.
मधल्या तीन दिवसांवर माझी सत्ता नाही.
सुरुवातीला मी रात्री उठून ठिपके मोजायचे,
खुराड्यातल्या कोंबड्या मोजाव्यात तसे.
जिजोचे वडील गेले
ते मला अकरा दिवसांनी कळलं.
तोवर त्याचं काम वेळेवर येत होतं,
आणि मी त्याला दोनदा शाबासकी दिली होती.
आता सोमवारचा पहिला प्रश्न कामाचा नसतो.

हे मी साहेबांना सांगितलं नाही.
तात्याच कॉटवरनं बोलले,
"हरिपूरची पेवं आठवतात का हो?
जमिनीत दहा-बारा हात खाली हळद, वर गुरं चरायची.
आम्ही पेठेत बसून चिठ्ठीवर विकायचो.
घेणाऱ्यानं बघितलेली नसायची,
खरं सांगू, मीही नाही.
पेव उपसलं की निघायची."

"आणि नाही निघाली तर?"

तात्यांनी पांघरूण नीट केलं. वेळ घेतला.
"पाच साली पुराचं पाणी आत शिरलं, साहेब.
चिठ्ठ्या तेवढ्या कोरड्या राहिल्या."

यावर कुणीच काही बोललं नाही.
साहेबांनी पाटीचा फोटो काढला,
शेजारी मला उभं करून,
आणि जाता जाता पाटीवर बोट फिरवलं,
रंग वाळलाय का बघावं तसं.

परत येऊन बसले.
माइक सगळा वेळ चालूच होता.
चाओबीची ओळ येऊन पडली होती इंफाळहून :
पाच शिट्ट्या झाल्या, ताई. डाळ बघा.