खोका क्रमांक सतरा

झाकण काढलं की आधी वास :
शिळा डिंक, अंड्याचा पांढरा, उंदीर.
तोरिनोच्या कला-विद्यालयाचं तळघर. बाहेर धुकं असावं,
इथं बारा महिने तसंच.
पुठ्ठ्यामागे शाईत लिहिलंय :
पुरुष, उभा, हात वर. दोन लिरा.

नाव नाही.
या खोक्यात कुणालाच नाव नाही.
पुरुष, बसलेला. पुरुष, पाठमोरा. पुरुष, मरून पडलेला
(मेलेल्याच्या पायाची बोटं थंडीनं आखडलीत).

मी हातमोजे घालून त्याला उचलते.
फोटोला घाम लागू नये म्हणून.

नागडा म्हणावं, तर अंगावर किती काय आहे.
गळ्यापर्यंत रापलेला, कोपरापर्यंत रापलेला,
मधला सगळा पांढराफटक :
म्हणजे सदरा आहेच, कातडीचाच.
पोटऱ्यांवर मोज्यांचा वळ.
डाव्या गुडघ्यावर व्रण, उलट्या स्वल्पविरामासारखा.
उचललेल्या टाचेला सिमेंटची भुकटी,
धुतली असणार सकाळी, तरी राहिलेली.

छतातून दोरी सोडली आहे, ती धरून हात वर.
मानेमागे लोखंडी चिमटा, डोकं हलू नये म्हणून.
वीस आकडे मोजेपर्यंत उभं राहायचं.
तो राहिला. दोरी स्पष्ट, नखं स्पष्ट,
काखेतला केस न् केस स्पष्ट.
पोट तेवढं धूसर.

ज्याचं पोट हातावर
त्याचे हात असे वर टांगलेले,
आणि पोट बेटं हललंच.

हिशेबाच्या वहीत, जानेवारीच्या पानावर, सापडला मला :
एव्हाझिओ, कासालेचा, गोणीवाला. एक लिरा. पाव.
खाली सहीच्या जागी फुली.
हाच तो, असं शपथेवर नाही सांगता येणार.
पण त्या महिन्यात पाव दुसऱ्या कुणाला दिलेला नाही.

फोटोवर पेन्सिलीच्या चौकटी आखल्यात, आडव्या, उभ्या,
शेत मोजावं तशा.
कुणी चित्रकारानं त्याला चौकट-चौकट उचलून नेलं.
एका बँकेच्या छतावर तो उद्योगदेव झाला, हातात हातोडा.
एका उमरावाच्या जेवणघरात द्राक्षं तोडत राहिला.
आणि पो नदीकाठच्या एका चर्चमध्ये
त्याला क्रुसावर चढवलं. मधल्या नाही.
डावीकडच्या. चोराच्या.

इथून पुढचं कागदात नाही, माझं आहे.

सेकोन्दिना, त्याची बायको,
ईस्टरच्या आधीच्या शुक्रवारी त्या चर्चमध्ये गुडघे टेकते.
समोर, डोळ्यांच्या उंचीवर, एक गुडघा.
उलटा स्वल्पविराम.
चित्रकार प्रामाणिक होता, किंवा आळशी.
ती वर बघत नाही.
वर कुणाचं तरी दाढीवालं, उसनं तोंड असणार.
ती गुडघ्याकडे बघते. मग आजूबाजूला.
पिठाच्या गिरणीवाली, दाईबाई, पाद्र्याची बहीण,
सगळ्या डोळे मिटून पुटपुटताहेत.
मेल्या, हे कधी केलंस?
आणि एक लिरा म्हणजे तो, ज्याची तू मला केटली आणलीस?

त्या गावात चोराला मेणबत्ती लावायची चाल नाही.
तिनं लावली. पाद्र्यानं विझवली.
तिनं परत लावली.

आता नवा तक्ता आलाय, रकाने भरायचेत.
विषय. मुद्रा. अवस्था.
भिंग धरून मी पुन्हा बघते.
मला वाटायचं तो शून्यात बघतोय, सगळे म्हणतात तसं, उदात्त वगैरे.
नाही. फोटोच्या अगदी कडेला, अर्धं कापलेलं स्टूल आहे.
त्यावर विजार, घडी घातलेली.
सदरा, बाह्या आत दुमडून.
खाली बूट, ओले असावेत, आत वर्तमानपत्राचे बोळे.
त्याची नजर तिथे आहे.

मुद्रेच्या रकान्यात मी लिहिते :
पुरुष, कपडे घालण्याच्या बेतात.

वरिष्ठ हे खोडतील.
खोडू देत. मी शाईनं लिहिलंय.