कपाचे कान

बेरिल टनिक्लिफ एकतीस वर्षं
कपांना कान लावत होती,
स्टोकमधल्या चिनीमातीच्या कारखान्यात.
बोटभर ओली वळी, टोकांना चिकणपाणी,
अंगठ्याचा दाब.
पुढचा कप.

आता सरकारचे पैसे येतात दर चौथ्या सोमवारी
आणि कारखान्याचे, महिना सरता सरता.
दोघांची चाल जुळत नाही.
सरकार अठ्ठावीस दिवस मोजून पाऊल टाकतं,
म्हणून वर्षाकाठी त्याचा एक हप्ता जास्तीचा,
अधिक मासासारखा.
तो ती बॉयलरवाल्यासाठी राखते.

फ्रिजवरच्या कॅलेंडरवर निळी फुली, लाल फुली.
कधी दोन्ही एकाच आठवड्यात,
मग ओटकेकमध्ये चीजबरोबर बेकनसुद्धा,
आणि पुढे तीन आठवडे कोरडे.
तेव्हा हीटर एकाच खोलीत.
‘मला थंडी तशी आवडते,’ ती म्हणते.
कुणी विचारलेलं नसतं.

सरकारने तिची वर्षं मोजली.
पस्तीस हवी होती, भरली एकतीस.
मधली चार आई अंथरुणावर होती.
त्यांचीही नोंद होते, फक्त अर्ज करावा लागतो,
हे बेरिलला कळलं
तेव्हा आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

कारखान्याचं म्हणाल तर
तिने सही केली ती विल्फ शेरटचं तोंड बंद करायला.
‘कर गं, म्हातारी बेरिल तुला दुवा देईल.’
कोण म्हातारी? कुठली?
दर शुक्रवारी पाकिटातून तिच्या नावाने घास जायचा
आणि ही तिला शिव्या घालायची.

शेजारच्या बाकावरच्या नोरीन पॉडमोरने सही केली नाही.
ती दर उन्हाळ्यात र्‍हिलला गेली, मुलांना घेऊन.
फोटो आहेत. वाळू, गाढवं,
वाऱ्याने उडालेली टोपी, तिच्यामागे धावणारी सगळी.
बेरिल ते पुन्हा पुन्हा मागून बघते.

आज नोरीनकडे चहा.
तिच्याकडे एकच फुली, निळी.
कपांपैकी एकाचा कान तुटलेला,
तो ती स्वतःकडे ओढते.
बिनकानाच्या कपातही चहा मावतो तेवढाच,
फक्त दोन्ही हातांनी धरावा लागतो
आणि गरम असेतो बोटं बदलत राहावी लागतात.

बेरिल दुसरा कप उचलते,
प्यायच्या आधी सवयीने
जोडावर अंगठा फिरवते.
आपण लावलेला नाही हा.
पण पक्का आहे.
मग कपांची अदलाबदल करते,
नोरीन साखर शोधत असताना.