दर्यापूरची हवा

एसटीच्या टपावरून पायलची सायकल उतरवली
तेव्हा हँडल अर्धं बोट डावीकडे गेलेलं.
कंडक्टर म्हणाला, शिकायले कोण येणार, पोरगी का सायकल?
मी म्हटलं, दोघी.

सव्वीस वर्षं मी पंक्चर काढतो.
घरात कुणाचं स्थळ पाहायचं तर मला नेत नाहीत,
फार बारीक पाहतो म्हणून.
गाव पाहायला मात्र मलाच बोलावलं,
दहावीचा निकाल लागायच्या आधीच.

तर पाहिलं.
चढ नाही. तव्यासारखा सपाट रस्ता,
वाटतं नुसतं बसून राहिलं तरी पोचू,
मग घरांची रांग संपते
आणि वारा छातीवर तळहात ठेवतो.
वाऱ्याला उतार नसतो, मी वहीत लिहिलं.
वही तिचीच, गणिताची, मागची पानं.

खोलीपासून कॉलेजपर्यंत तिनं पायडल मोजले,
चौदाशे बारा.
मी सराटे मोजले. तीन, तिन्ही पुढच्या चाकात.

एका ठिकाणी रूळ आडवे येतात.
गाडीची वाट कुणी बघत नाही आता
पण चाक पकडायला रूळ तयारच.
काटकोनात घे, मी ओरडलो.
तिनं घेतली.
मग परत फिरून मुद्दाम तिरकी घेतली,
पडली,
कोपर झटकत म्हणाली,
लिवा मामा, तिरकी नाही जमत.

पावसाळ्याचं तोंडी सांगावं लागलं,
मे महिन्यात ते दिसत नाही.
ही काळी माती मडगार्डात शिरली
की चाक आणि मडगार्ड एक होतं,
सायकलवर तू नाही, तुझ्यावर सायकल बसते.
मडगार्ड काढूनच टाक.
शिंतोडे उडतील पाठीवर.
ती म्हणाली, ड्रेस पांढरा हाये इथला.
यावर मी वहीत काही लिहिलं नाही.

मोटारसायकलची गॅरेजं एकोणीस.
सायकलचं दुकान विचारलं
तर पानठेलेवाल्यानं आधी मला पाहिलं, मग सायकलला,
मग बाजूच्या माणसाला विचारलं, हाये का रे अजून?

होतं. सरकीच्या गोदामामागे.
मुनीरभाई बाजेवर आडवे, तोंडावर दुपट्टा,
आणि पंक्चर पाहायचं घमेलं कोरडं.
तळाशी गाळ, गाळाला भेगा.

माझं घमेलं माझ्या लग्नाच्या दिवशीही कोरडं नव्हतं.
हळद लागलेल्या हातानं पाणी बदललं होतं मी.

मी वही मिटली.
चाल पायल, हे गाव सायकलीचं राह्यलं नाही.
अकोटले पाहू.

ती जागची हलली नाही.
सकाळी साडेपाचले कुठी होते तुमी?
स्टँडवर. चहा पीत.
मी पुलावर होती. अकरा गेल्या.
पोलीस भरतीवाल्या पोरी, ग्राउंडवर चालल्या होत्या.
दोघींले ब्रेकच नव्हता,
चप्पल घासून थांबत होत्या.

दुपट्ट्याखालून मुनीरभाई म्हणाले,
त्यातल्या चौघींचे पैसे बाकी हायेत.

यावर तिघंही जरा वेळ गप्प.
गोदामात कुणीतरी पोतं आपटलं.

मग तिनं आपली बाटली घमेल्यात ओतली,
कोमट, अर्धीच होती.
थोडं पाणी गाळानंच पिऊन घेतलं.
मुनीरभाई उठले, आतून तांब्या आणला, भर घातली.
मी पुढचा टायर उतरवला, ट्यूब काढली, हवा भरली,
तिनं वीत वीत करत पाण्यातून फिरवली.

तीन सराट्यांचे तीन बुडबुडे.

आणि एक चौथा,
बारीक, थांबून थांबून येणारा,
जागा काही सापडू देईना.
स्टँडकडून शेवटच्या बसचा हॉर्न ऐकू आला
आणि आम्ही तीन डोकी
घमेल्यावर वाकलेली तशीच.